चोविसावं पान

"या तुझ्या मशीनला मोजता तरी येतं का गं?" शेजारचे कोंडीरामकाका माझ्या कानाशी पुटपुटले.

आमच्या परळच्या चाळीचा ब्लॉग, खोलीमागे एक पान. पानं बनवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सीएमएस, हेडलेस, म्हणजे बिनडोक्याचं. त्यात मी जेवढं लिहीन तेवढीच पानं तयार व्हायची.

खोल्या चोवीस, लिहून झाल्या तेवीस. शेवंताबाई जिथे वारल्या, त्या सतराव्या खोलीबद्दल कुणी बोलेचना.

तरी दर वेळी ब्लॉग तयार केला की पानं चोवीस. जास्तीचं पान मी न बघताच चारदा पुसलं. पाचव्यांदा वैतागून उघडलं.

"खोली १७." खाली दोनच शब्द: "दार उघडा."

"तेव्हाही बाई आतून हेच म्हणत होत्या," काका हळूच म्हणाले. "आपण सगळ्यांनी ऐकलं होतं, प्रिती."