नळी

स्वतःच्या सत्कारात डॉक्टरांनी मला मंचावर बोलावलं. मी त्यांच्या प्रयोगशाळेत फरशी पुसते. माझ्या रक्ताची नळी उंच धरून ते म्हणाले, "माझं संशोधन या नळीवर उभं आहे. मावशींचं रक्त लाखात एक! वीस वर्षं देताहेत." टाळ्या वाजल्या. मी विचारलं, "लाखात एक म्हणजे?" "उद्या तुम्हाला रक्त लागलं, तर दुसऱ्या कुणाचं चालणार नाही. फार तर सख्ख्या भावंडाचं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी सख्खी बहीण तुमच्याच इस्पितळात बाळंतपणात गेली. रक्त जुळेना म्हणून तिचा नवरा वणवण फिरला. तेव्हा मी वरच्या मजल्यावर तुमची फरशी पुसत होते! मला सांगायला काय झालं होतं?" "तुम्ही कधी विचारलंच नाही, मावशी." मी नळी हिसकावून फरशीवर आपटली. रक्त त्यांच्या बुटांवर उडालं. "आता तुम्ही पुसा."