आधी तारा जुळवा

दादा गेल्यापासून कपाटावर पडून असलेली त्याची गिटार आईला शिकायची होती. धाकटी लेक कॉम्प्युटरवर एकेक सॉफ्टवेअर लावून देत होती आणि आई पहिल्याच धड्याला नाक मुरडत होती. चौथंही बंद केलं, तेव्हा लेकीच्या डोक्याचा पार भुगा झाला.

"अगं, बोट कुठे ठेवायचं तेसुद्धा दाखवतंय. आणखी काय हवंय तुला?"

"सगळे मेले एकाच माळेचे मणी! आधी तारा जुळवा म्हणतात."

"मग जुळवू की! किती बेसूर झालीये बघ. खुंट्या जरा पिळल्या की झालं." लेकीनं हात पुढे केला.

आईनं गिटार चटकन पोटाशी धरली.

"नको. त्या खुंट्यांना शेवटचा हात त्याचा लागलाय."