तुझ्या गळ्यात काय हाय?

लातूर नवा जिल्हा झाला, तशी बांधकामांवर परमुलखातली माणसं येऊन राहिली. त्यात दुष्काळ पडला. उदगीरला आमच्या गल्लीतल्या एकाच आडाला पाणी उरलं. बाहेरचे त्यात काहीतरी कालवतील म्हणून वीरण्णा दुकानदार दुकान सोडून तिथं पहाऱ्याला बसला. एक मजूर बाई घागर घेऊन आली. आडात वाकताना तिनं पदराखाली मूठ आवळली. वीरण्णा ओरडला, "मुठीत काय हाय? दाव आधी!" तिनं भीत भीत मूठ उघडली. लिंगायत गळ्यात घालतात ते इष्टलिंग होतं, आडात पडू नये म्हणून धरलेलं. वीरण्णाचा हात नकळत स्वतःच्या इष्टलिंगाकडे गेला. "आपल्यातलीच की गं तू!" त्यानं स्वतः पोहरा ओढून तिची घागर भरली. मागं तिच्याच कामावरची दुसरी बाई घागर घेऊन उभी होती. ती पुढं सरकताच पहिलीनं तिला अडवलं, "तुझ्या गळ्यात काय हाय?"