समासातला शिक्का

नवरा वारला तेव्हा धाकट्या दिराने, किझोने, फुमिएपुढे वारसा तिच्या नावावर नोंदवायचं अधिकारपत्र सरकवलं. "वहिनी, सहीच्या जागी मारता तो शिक्का समासातही मारून ठेवा. किरकोळ चूक निघाली तर मी परस्पर दुरुस्त करीन, तुम्हाला हेलपाटा नको." तिने मारला. त्या दुरुस्तीत तिचा चहाचा मळा किझोच्या नावावर गेला. ती त्याच मळ्यात पानं खुडत राहिली.

वीस वर्षांनी पाय मोडून पडलेल्या किझोने, मळा मुलाच्या नावावर करायला वहिनीलाच कचेरीत धाडलं. त्याने अधिकारपत्रावर आपला शिक्का मारला आणि हाताच्या सवयीने समासातही.

"पडून राहा भावोजी," फुमिए म्हणाली. "चूक निघाली तर मी आहेच की!"

 

कचेरीच्या बाकावर बसून तिने पुतण्याचं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं. चूक किरकोळच, दुरुस्तीला तेवढी वीस वर्षं लागली.