पाचव्या लेनमधली फुमी

"डोळे उघडू नका. शेवटचे पाच मीटर. तुमच्या पुढे कुणीही नाही. भिंतीला हात लावा आणि घड्याळ थांबवा," कुसुनोकी म्हणाला.

बाकावर ओळीनं बसलेल्या सात बायकांनी एकामागून एक स्टॉपवॉच दाबलं. सहाजणींचे चेहरे खुलले. टोकाला बसलेल्या मिनोबे शिझुएनं डोळे उघडले, डोक्यावरची टोपी ओढून काढली आणि मांडीवर आपटली.

"हरले."

शेजारची हामादा खुदकन हसली. "डोळे मिटूनसुद्धा हरायचं, म्हणजे कमाल आहे बाई तुझी."

कुसुनोकी विद्यापीठात हेच शिकला होता, शर्यतीसाठी पोहणाऱ्याचं मन कसं तयार करायचं ते. अख्खी शर्यत रोज मनात पोहायची. प्रत्येक हात, प्रत्येक श्वास, पाण्याचा गारवासुद्धा. हातात घड्याळ धरायचं आणि दर वेळी जिंकूनच बाहेर यायचं. कॉलेजच्या पोरांना त्याचा फायदा झालेला त्यानं स्वतः पाहिला होता. वसंतापासून दर बुधवारी तो जपानमधल्या कोची शहराच्या नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर या म्हाताऱ्यांना शिकवायला येत होता. सगळ्या त्याचं मुकाट ऐकत. फक्त चौऱ्याऐंशी वर्षांची शिझुए चार महिने एकच शब्द बोलत होती.

"हरता तरी कुणाकडून?" आज त्यानं विचारलंच.

"फुमीकडून. पाचव्या लेनमध्ये असते ती."

"अहो आजी..."

"आजी मी माझ्या नातवाची. इथे मिनोबे."

"बरं, मिनोबे-सान. ही शर्यत तुमच्या मनातली आहे. तिथे कोण जिंकणार हे तुम्हीच ठरवायचं."

"मी नाही ठरवत."

"मग कोण ठरवतं?"

"जी आधी पोचते ती."

नंतर हामादानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं. ताकिगावा फुमी याच क्लबातली. बावीस वर्षं शिझुएच्या शेजारच्या लेनमधून पोहली आणि बावीस वर्षं तिच्या पुढे राहिली. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. तेव्हापासून ती वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळून आहे.

कुसुनोकीला वाटलं, सापडलं. जुनी हार मनात रुतून बसलेली. यावरचा उपाय त्याला ठाऊक होता.

स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. चौघींची रिले, वयांची बेरीज तीनशे वीसच्या वर असलेल्या गटातली. शेवटचे पन्नास मीटर शिझुएचे होते. त्यानं तिला कपडे बदलायच्या खोलीबाहेर गाठलं.

"रोज मनात हरणारीला मी शेवटी उतरवू शकत नाही. बाकीच्या तिघींनी काय घोडं मारलंय? आजपासून फुमीला मागे टाका, नाहीतर यादीतून तुमचं नाव काढतो."

"काढा."

"मिनोबे-सान, सगळं कल्पनेतलंच तर आहे. एकदा जिंकून बघायला काय जातंय?"

"फुकटचं जिंकायचं असतं तर घरी बसून जिंकले असते. इतकी वर्षं क्लोरीन कशाला प्यायले?" तिनं ओला टॉवेल पिशवीत कोंबला. "तुम्हाला वेळ आहे ना, मास्तर? चला माझ्याबरोबर. घड्याळ घ्या."

ट्रामनं दोन थांबे. शाळेतल्या एका मुलीनं उठून जागा दिली. शिझुएनं तिला पुन्हा खाली बसवलं आणि उभ्यानंच प्रवास केला.

वृद्धाश्रमाच्या दारात ती बूट काढून सपाता घालेपर्यंत परिचारिकेनं कुसुनोकीला हळूच सांगितलं, "ताकिगावा-सानना काही कळत नाही हो. व्यायामालासुद्धा काही प्रतिसाद देत नाहीत. या मात्र रोज येतात. बोलून उपयोग नाही, हे सांगून आम्ही थकलो."

"मी बोलायला येतच नाही," शिझुए खाली वाकूनच म्हणाली.

फुमी खिडकीजवळच्या पलंगावर होती. तोंड एका बाजूला ओघळलेलं, नजर छताला. खांदे मात्र अजून रुंद. शिझुएनं तिचा डावा हात पांघरुणातून बाहेर काढून सरळ ठेवला आणि खुर्ची पलंगाला भिडवली.

"फुमी, पन्नास मीटर फ्रीस्टाइल. आज मास्तर वेळ घेणार आहेत. तेव्हा लबाडी नको."

फुमीच्या पापण्या मिटल्या. माणसं पापण्या मिटतातच, कुसुनोकीच्या मनात आलं. शिझुएनंही डोळे मिटले.

"सांगा, मास्तर."

"सज्ज," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला खुळचट वाटला. "सुरू!"

शिझुएचे खांदे किंचित हलू लागले. सपातांतले पाय बारीक बारीक मारा करत होते. तिसाव्या सेकंदाच्या आसपास तिनं मान आत घेतली. वळण. कुसुनोकी तिचं तंत्र न्याहाळत राहिला. मग कसला तरी आवाज आला म्हणून त्यानं पलंगाकडे पाहिलं.

फुमी श्वास रोखून पडली होती. थोड्या वेळानं तोंडाच्या ओघळलेल्या कोपऱ्यातून तिनं हवा आत ओढली. पुन्हा रोखली. पुन्हा त्याच बाजूनं ओढली. पाण्यात माणूस जसा घेतो, तसा. तो शर्यत विसरून बघत राहिला.

फुमीच्या डाव्या हाताची तर्जनी थरथरली. पांघरुणावरून जेमतेम बोटभर वर उठली आणि भिंतीला टेकावी तशी तिथेच राहिली.

कुसुनोकीनं नकळत घड्याळ दाबलं. अठ्ठावन्न सेकंद. शिझुएचे पाय अजून पाणी मारत होते. आणखी एक हात, आणखी एक, आणि मग तिचा तळवा पलंगाच्या कठड्यावर थाडकन आपटला.

तिनं डोळे उघडले. आधी ते वर उठलेलं बोट पाहिलं. मग त्याच्याकडे वळली.

"आधी हिला थांबवा, मास्तर," ती म्हणाली. "मग मला जिंकायला शिकवा."