बकारामचा पोशिंदा

सव्वीस हजार रुपये. थोरल्या भावाला, बकारामला, कागदावर आश्रित दाखवलं की हेमेंद्रचा एवढा आयकर वाचणार होता. बकारामचे दोन्ही पाय लहानपणीच गेले होते. अपंगत्व ऐंशी टक्के, म्हणून वजावट पूर्ण सव्वा लाखाची. गेल्या सहा वर्षांत हेमेंद्रनं गोंदियाहून त्याला एक लुंगीही पाठवली नव्हती. पण आयकराच्या अर्जात लुंगीचा रकाना नसतो.

"संभालते हो ना? मग लिहून ठेवा, साहेब," करसल्लागार चंद्रकुमारनं बजावलं होतं. "भाई की सही के साथ. कल को कोणी विचारलं तर?"

त्या सहीसाठी बकारामच्या गावाची, चिचगडची, ही तिसरी खेप. पहिल्यांदा अपंगत्वाचं प्रमाणपत्र सापडेना. दुसऱ्यांदा बकाराम म्हणाला, "आज अमोशा हाय, सही नाही करत." रविवारी अकराला ये, हेही त्यानंच ठरवलं.

आज ओट्यावर धुवट धोतरांतले चार म्हातारे आणि रुख्माबाई नावाची एक बाई पानसुपारी पुढ्यात घेऊन बसली होती.

"हे कोण?" हेमेंद्रनं विचारलं.

"साक्षीदारच समज. कागद पक्का पायजे न?"

हेमेंद्रला पटलं. जितक्या सह्या, तितका कागद भक्कम.

"वाच, जोरानं," बकाराम म्हणाला.

"माझ्या भावाचं अन्न, वस्त्र, औषध मी करतो."

"घर बी लिव."

"कायले, दादा?"

"सांभाळतेस न मले? का खोटं हाय?"

हेमेंद्रनं दातओठ खात घर लिहिलं.

"अन् याचे सरकारी निराधार योजनेचे महिन्याचे अडीच हजार बंद झाले तं?" रुख्माबाई मध्येच बोलली.

"झाले तं मी देईन, बाई!"

"हे बी लिव," बकाराम शांतपणे म्हणाला. "अन् जन्मभर लिव."

परतीची बस चुकायला आली होती. हेमेंद्रनं लिहिलं, खाली सही केली. "आता माहा पगारच तुया नावानं लिवून देऊ काय?"

"नाही बा. मी का लालची हाओ?"

बकारामनं सही ठोकली. कागद म्हाताऱ्यांच्या हातोहात फिरला. प्रत्येकानं तो वाचून घेतला, मगच पेन टेकवलं. रुख्माबाईनं अंगठा दिला. कंटाळलेल्या हेमेंद्रनं कागदासाठी हात पुढे केला.

त्या हातावर रुख्माबाईनं चिमूटभर साखर ठेवली आणि कागद घडी करून आपल्या पदराला बांधला.

"तुम्ही फोटो काढून घ्या, सोयरे, कागद आमच्याकडंच राहू द्या. दिवाळीनंतर लग्न उरकून टाका," ती म्हणाली. "बकारामजीच्या ताटाचं तं तुम्ही लिवूनच देलं, माह्या पोरीचं ताट बी त्यातच धरा."