वायफायच्या डब्यावरचं कुंकू

नव्या गाळ्याच्या पूजेत मी स्वतः लावलेलं कुंकू माझी सून ओल्या फडक्याने पुसायला निघाली. चांगल्या घरच्या बाईला असलं सुचतं तरी कसं?

"कुंकू पुसतात होय गं?" मी गरजले.

"आई, जुन्या दुकानातून आणलेल्या प्रिंटरला इथल्या वायफायचा पासवर्ड द्यायचाय. तो वायफायच्या डब्यावर छापलाय, आणि नेमकं त्यावरच तुम्ही तेलातलं कुंकू फासलंय."

दारात टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मसाल्याची पाकिटं भरून तयार होती, पण लेबलाशिवाय दुकानदार घेत नाहीत. पहिलीच मोठी ऑर्डर हातची जाणार होती. मी तोंड फिरवलं.

"पूस. पण माझ्यासमोर नको."

तिने पुसलं, वाचलं, प्रिंटरवर बोटं चालवली. जरा वेळ तो मख्खासारखा बसला, मग खरखरला आणि माझ्या नावाची लेबलं भराभरा बाहेर पडू लागली.

टेम्पो भरून गेल्यावर मी करंडा आणला, तिच्या कपाळाला बोट टेकवलं आणि करंडा तिच्याच हातात दिला. "पुढच्या दसऱ्याला यंत्रांची पूजा तूच कर. यंत्राचं कपाळ ओळखायला मी चुकले असेन, पण सून पारखायला नाही चुकले!"